रॅम वाढवली आणि पडदा काळाच राहिला

जुना संगणक पुन्हा कामाचा करायचा तर दोन उपाय बहुतेकांना ठाऊक असतात: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे आणि रॅम वाढवणे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवल्यापासून दुसऱ्या उपायाची निकड वाढली आहे. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालते, पण प्रत्यक्षात ८ जीबीखाली त्यावर काम करणे जिकिरीचे होते. म्हणून रॅम आणली जाते, कॅबिनेट उघडले जाते, नवी पट्टी बसवली जाते. बटण दाबले की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा मात्र काळाच राहतो. दुरुस्तीच्या बाजारात याला सरसकट ‘नो डिस्प्ले’ म्हणतात.

या एका लक्षणावरून फार घाईने निदान केले जाते. कुणी ‘रॅम खराब निघाली’ म्हणतो, कुणी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून मोकळा होतो. धडधाकट बोर्ड भंगारात जातात आणि चांगली रॅम परत केली जाते. रॅम बदलल्यानंतर संगणक चालू न होण्याची बहुतेक कारणे काहीही न जळता उद्भवतात. त्यांचे तीन गट पडतात: जोडणी, जुळणी आणि जुळवणी. पट्टी नीट बसली आहे का, ती त्या बोर्डाला चालणारी आहे का, आणि बोर्डाने तिच्याशी योग्य वेग ठरवला आहे का, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले तर घरच्या घरी उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे.

पडदा काळाच का राहतो

बटण दाबल्यावर प्रोसेसर सर्वात आधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम चालवू लागतो. जुन्या यंत्रांत तो बायोस, नव्यांत यूईएफआय. बोलताना दोन्हींना बायोसच म्हणतात. त्याचे अगदी सुरुवातीचे मोठे काम म्हणजे मेमरी कामाला लावणे. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर, म्हणजे मॉड्यूलवर, एसपीडी नावाची एक बारीक चिप असते. मॉड्यूल किती जीबीचे, कोणत्या वेगाचे आणि किती व्होल्टचे, हे तिच्यात नोंदलेले असते. बायोस ही नोंद वाचतो, त्याप्रमाणे मेमरी सुरू करतो आणि मगच ग्राफिक्सकडे वळतो. मेमरीच्या टप्प्यावर गाडी अडली तर पडद्यावर चूक सांगणारी सूचना उमटवण्याइतकीही तयारी झालेली नसते. म्हणून काळा पडदा दिसला की मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्ड बिघडले असे समजू नये.

पडद्याला बोलता येत नाही, तेव्हा बोर्ड आवाज आणि दिव्यांतून बोलतो. एएमआय कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये एक, दोन किंवा तीन छोटे बीप मेमरीच्या वेगवेगळ्या दोषांसाठी होते. अवॉर्डच्या बायोसमध्ये सतत वाजणारे लांब बीप मेमरीकडे बोट दाखवत. पुढे अनेक बोर्डांवर एक छोटा बीप ‘सारे ठीक’ या अर्थाने वाजू लागला, त्यामुळे बीपचा अर्थ आपल्याच बोर्डाच्या पुस्तिकेतून पाहावा. नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. डीरॅमचा दिवा पेटून राहिला की तपास कुठे करायचा ते कळते. डेलच्या अनेक लॅपटॉपवर पॉवरचा दिवा केशरी रंगात दोनदा आणि पांढऱ्यात तीनदा लुकलुकला तर रॅम सापडली नाही, आणि दोनदा-चारदा लुकलुकला तर रॅममध्ये दोष आहे असा अर्थ होतो.

आजकालच्या कॅबिनेटमध्ये स्पीकर बहुधा नसतो. बोर्डाच्या पिनांवर लावायचा छोटा स्पीकर अगदी स्वस्तात मिळतो आणि तो असला की एक मोलाची चाचणी करता येते. सगळी रॅम काढून यंत्र चालू करायचे. बोर्डाने मेमरी नसल्याची तक्रार करत बीप दिले, तर बोर्ड आणि प्रोसेसर दोघेही जिवंत आहेत. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान या एका चाचणीत खोटे ठरू शकते.

पहिली कसोटी: जुनी रॅम

नवी रॅम काढून जुनी रॅम जिथे होती तिथेच परत लावून पाहणे, ही सर्वात महत्त्वाची कसोटी आहे आणि सर्वात जास्त टाळली जाते तीही हीच. तिने प्रश्नाचे दोन तुकडे होतात. जुन्या रॅमवर यंत्र सुरू झाले, तर बोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस (वीजपुरवठा), मॉनिटर या सगळ्यांची बहुतांशी सुटका होते आणि तपास नवी रॅम आणि तिचा स्लॉट यांपुरता उरतो. जुन्या रॅमवरही सुरू झाले नाही, तर कॅबिनेटमध्ये हात घातला तेव्हा दुसरे काहीतरी हलले असण्याची शक्यता आधी तपासावी. प्रोसेसरला वीज देणारी ४ किंवा ८ पिनांची वायर, २४ पिनांचा मुख्य कनेक्टर, स्लॉटमधून किंचित वर आलेले ग्राफिक्स कार्ड, बटणाची बारीक वायर, यांतले काहीही सैल होऊ शकते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी चुकून बोर्डाच्या पोर्टला लावली गेली आहे का, तेही पाहावे.

हे करताना एक नियम मोडू नये: रॅम काढायची किंवा लावायची ती वीज पूर्ण तोडूनच. संगणक बंद दिसला तरी प्लग जोडलेला असेपर्यंत मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालू असतो. त्या अवस्थेत पट्टी तिरकी घातली तर पट्टी आणि स्लॉट दोन्ही कायमचे जाऊ शकतात. प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार उतरवावा आणि मगच हात घालावा. लॅपटॉपमध्ये चार्जर काढणे पुरत नाही, आतल्या बॅटरीचा कनेक्टरही आधी सोडवावा लागतो.

जोडणी

नवखा माणूस रॅम बसवताना जपून दाबतो आणि तिथेच चूक होते. डेस्कटॉपची पट्टी पूर्ण बसायला चांगला जोर लागतो. दोन्ही टोके सारखी खाली जायला हवीत आणि खटका स्वतःहून ‘कट्’ आवाज करत बंद व्हायला हवा. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, तिथे दुसरे टोक अर्धवट वर राहिले तरी लक्षात येत नाही. लॅपटॉपची पट्टी तिरकी धरून आत पूर्ण सरकवायची आणि मग खाली दाबायची असते. बसल्यावर सोनेरी पट्ट्यांची रुंद कड बाहेर दिसत असेल तर ती नीट गेलेली नाही.

दुसरी गोष्ट मळाची. महाराष्ट्रात कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवताना कारागीर दिसतो. कोकणात आणि मुंबईसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या ठिकाणी त्याचा गुणही येतो, कारण त्या पट्ट्यांवर बारीक थर चढून संपर्क कमजोर होतो. पण हा उपाय जपून करायचा आहे. पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. वारंवार घासल्याने तो उडतो आणि खालचा धातू आणखी लवकर गंजतो. रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवाच त्रास उभा राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड हा जास्त सुरक्षित मार्ग आहे. नव्या रॅमला तर याची गरज क्वचितच पडते. मळलेला असतो तो बहुधा वर्षानुवर्षे रिकामा राहिलेला स्लॉट. तो ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ करावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेचाही विचार करावा. पट्टी कडेने धरावी आणि हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

तिसरी गोष्ट जागेची. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या लावताना प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ म्हटलेले असते. विजेचा संकेत पहिल्या स्लॉटवरून पुढच्या स्लॉटकडे जातो. शेवटचा स्लॉट रिकामा राहिला तर तारेचे मोकळे टोक संकेत परतवून गोंधळ करते. डीडीआर५ च्या वेगाला हा गोंधळ सहन होत नाही.

एकच स्लॉट रॅम ओळखत नसेल, तर दोष प्रोसेसरच्या बसण्यातही असू शकतो. मेमरी सांभाळणारे सर्किट एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ पासून आणि इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ पासून प्रोसेसरच्या आत नेले. त्यामुळे सॉकेटमधली एखादी वाकलेली पिन किंवा हीटसिंकचा एका बाजूला जास्त आवळलेला स्क्रू मेमरीचे एक चॅनेल पूर्ण बंद पाडू शकतो. रॅमसोबत कूलरही बदलला असेल तर हे आधी पाहावे.

जुळणी

रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर३ साधारण २००७ पासून, डीडीआर४ २०१४ पासून आणि डीडीआर५ २०२१ च्या अखेरीपासून बाजारात आहे. त्यांचे प्रमाणित व्होल्टेज अनुक्रमे १.५, १.२ आणि १.१. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० पिना असतात, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८. पिनांची संख्या सारखी असली तरी मधली खाच वेगळ्या जागी आहे, म्हणून पट्टी बसतच नसेल तर जोर लावू नये. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी एकाच नावाचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन रूपांत निघाले, तिथे खरेदीत गफलत सहज होते.

फसवे प्रकार ते, जे खाचेत अचूक बसतात आणि तरीही चालत नाहीत. डीडीआर३एल हा १.३५ व्होल्टचा प्रकार. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपना तोच लागतो, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ त्यांत बसते, पण पडदा काळाच राहतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये चिपच्या घनतेचा प्रश्न येतो. जी४१ चिपसेटच्या बोर्डावर १६ चिपांची ४ जीबी पट्टी चालते, मात्र तितक्याच क्षमतेची ८ चिपांची पट्टी चालत नाही, कारण एका चिपमध्ये मावलेली क्षमता त्या चिपसेटच्या ओळखीपलीकडची असते. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या पट्ट्या इंटेलच्या बोर्डावर सुरू होत नाहीत, त्यामागेही चिपांची वेगळी मांडणीच आहे.

सर्व्हरमधून काढलेली रॅम हा आणखी एक सापळा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, वापरलेल्या सुट्या भागांचा बाजार मोठा आहे आणि त्यात सर्व्हरची रॅम आकर्षक भावात मिळते. लेबलावर ‘ईसीसी रजिस्टर्ड’ असे असेल तर ती घरगुती बोर्डावर चालणार नाही. जुन्या झिऑन प्रोसेसरांसाठीच्या एक्स७९ आणि एक्स९९ बोर्डांवर ती चालते, म्हणूनच ती बाजारात फिरत असते.

कमाल मर्यादाही पाहावी. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसोबत खपलेला एच६१ चिपसेट १६ जीबीच्या पुढे जात नाही. काही वेळा मर्यादा बायोसच्या वयाची असते. २०२३ मध्ये २४ आणि ४८ जीबीची डीडीआर५ मॉड्यूल आली, तेव्हा बोर्ड बनवणाऱ्यांना त्यांच्यासाठी बायोसच्या नव्या आवृत्त्या द्याव्या लागल्या. अशा वेळी जुन्या रॅमवर यंत्र सुरू करून बायोस अद्ययावत करावा आणि मग नवी रॅम लावावी.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालतच नाहीत, हा समज अर्धाच खरा आहे. पिढी आणि प्रकार एक असेल तर बोर्ड सहसा सर्वात मंद पट्टीच्या वेगावर सगळ्यांना चालवतो. अडचण येते ती वेगवान रॅमच्या किंवा सगळे स्लॉट भरलेल्या बोर्डांवर. म्हणून नव्या-जुन्याची सरमिसळ करण्यापूर्वी नवी पट्टी एकटी लावून पाहावी. ती एकटी चालते आणि जोडीने चालत नाही, तर दोष पट्टीचा नसून जोडीचा आहे.

जुळवणी

पट्टी नीट बसली, प्रकारही योग्य आहे, तरी पडदा काळा असेल तर थांबायला शिकावे लागते. मैफलीआधी तबला तानपुऱ्याशी मिळवून घेतात, तसा प्रोसेसर प्रत्येक नव्या रॅमशी संकेतांची वेळ आणि व्होल्टेज मिळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४ पर्यंत हे काही सेकंदांत उरकत असे. डीडीआर५ मध्ये, विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डांवर, पहिल्यांदा काही मिनिटे लागतात आणि रॅम जास्त असेल तर आणखी. तेवढा वेळ पडदा काळा, डीरॅमचा दिवा पेटलेला, आणि मधेच यंत्र स्वतः बंद-चालू होते. माणूस घाबरून प्लग काढतो आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवी डीडीआर५ लावल्यावर १०-१५ मिनिटे काहीही न करता थांबणे, हा उपचाराचाच भाग आहे.

पुढचा प्रश्न वेगाचा. पाकिटावर ६००० लिहिलेले असते, तो वेग बहुधा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलचा असतो. एक्सएमपी इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ साठी आणली, एक्स्पो एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० सोबत. दोन्हींमध्ये रॅम प्रमाणित वेगाच्या पलीकडे नेली जाते आणि तो वेग प्रत्येक बोर्ड-प्रोसेसरला झेपेलच याची हमी नसते. रायझन ७००० मालिकेत एएमडी दोन पट्ट्यांसाठी ५२०० ची आणि चारही स्लॉट भरले तर केवळ ३६०० ची हमी देते. जुन्या दोन पट्ट्यांना आणखी दोन जोडल्या आणि यंत्र उठेना, तर पट्ट्या निर्दोष असूनही जुने प्रोफाइल चार पट्ट्यांना जड झालेले असू शकते.

त्यावर उपाय सीमॉस, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग, क्लिअर करण्याचा. बोर्डावरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल प्लग काढलेला असताना काही मिनिटे बाहेर ठेवावा किंवा त्यासाठी दिलेल्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात. बायोस मूळ सेटिंगवर येतो आणि रॅम प्रमाणित वेगावर सुरू होते. त्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डिस्कची आरएआयडी किंवा एएचसीआय ही सेटिंग बदलली गेली तर विंडोज सुरू होत नाही आणि नवाच बिघाड झाल्यासारखे वाटते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल तर डेटा गेल्यात जमा. म्हणून बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि ती की आधी कागदावर उतरवावी.

सुरू होते, पण टिकत नाही

काही वेळा पडदा उजळतो, पण विंडोज अर्ध्यावर कोसळते किंवा निळ्या पडद्यावर मेमरी मॅनेजमेंटची चूक दाखवून यंत्र पुन्हा सुरू होते. इथे एक्सएमपी बंद करून पाहावी आणि तरीही तसेच घडले तर रॅमची परीक्षा घ्यावी. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे. त्याहून कसून तपासणी १९९४ पासून चालत आलेला मेमटेस्ट८६ किंवा त्याचा मुक्त भाऊबंद मेमटेस्ट८६+ करतो. पेनड्राइव्हवरून तो रात्रभर चालवावा आणि एकही चूक आली तरी ती गांभीर्याने घ्यावी. एकेक पट्टी वेगळी तपासली की दोषी कोण ते कळते. रॅम खरोखर बिघडते, हेही मान्य केले पाहिजे. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ८ टक्के मॉड्यूलांमध्ये निदान एक चूक नोंदली गेली होती. म्हणूनच निर्णय अंदाजाने न घेता परीक्षेने घ्यायचा.

लॅपटॉपवाल्यांनी खरेदीपूर्वीच पाहावे की रॅम बदलता येते का. अॅपलने २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डाला डाक देऊन पक्की केली आणि २०२० च्या एम१ पासून ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये गेली. अनेक सडपातळ विंडोज लॅपटॉपही त्याच वाटेने गेले आहेत. सीएएमएम२ हे बदलता येणाऱ्या मेमरीचे नवे मानक जेडेक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा प्रसार झाला तर ही वाट पुन्हा मोकळी होईल.

ग्राहकाने आणि कारागिराने काय करावे

२०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरीचे भाव चढले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रुशिअल या नावाने ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याची घोषणाही केली. महागाईच्या या काळात चुकीची रॅम घेणे किंवा चांगली रॅम खराब समजून टाकणे परवडणारे नाही. घेण्यापूर्वी जुन्या पट्टीच्या लेबलाचा आणि बोर्डाच्या नावाचा फोटो दुकानदाराला दाखवावा. बिलावर मॉड्यूलचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण अनेक कंपन्या रॅमला दीर्घ, काही तर आजीवन वॉरंटी देतात आणि बिलाअभावी ती वाया जाते. नवी रॅम महिनाभर सुरळीत चालेपर्यंत जुनी विकू नये. तपासाचे सर्वात भरवशाचे साधन तीच आहे.

कारागिरांना एक विनंती. ‘बोर्ड गेला’ म्हणण्यापूर्वी ग्राहकासमोर तीन गोष्टी करून दाखवा: रॅमशिवाय बीप, जुन्या रॅमवर सुरुवात आणि एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये. या तीन चाचण्यांना अर्धा तासही लागत नाही. ग्राहकांनीही त्या मागाव्यात, तो त्यांचा हक्क आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलाचा परिणाम लिहून ठेवा. रॅम बदलल्यावरचा काळा पडदा बहुधा मेमरी सुरू न झाल्याची खूण असतो, बोर्ड मेल्याचा पुरावा नव्हे.